तांबडीचा छज्जा

७ जानेवारी, मंगळवार

तांबडीचा छज्जा फुटला आहे.

सकाळी दूध घेऊन आलो तेव्हा कळलं. गाडीच्या मागच्या काचेवर जो छोटा पंख बाहेर आलेला असतो, त्याच्या उजव्या कोपऱ्यापासून थेट मधल्या ब्रेकच्या दिव्यापर्यंत तडा. आधी हाताला लागला, मग दिसला. मी रोज सकाळी गाडीवरून हात फिरवतो. धनगराच्या घरात जन्मलेल्या माणसाची खोड आहे ती. आमचा बाप मेंढरांच्या पाठीवरून असाच हात फिरवायचा आणि कुठलं आजारी आहे ते सांगायचा. म्हणून तर गाडीचं नावही आम्ही मेंढरासारखं रंगावरून ठेवलं, तांबडी. खरा रंग डाळिंबी आहे.

पल्लवी म्हणाली, "अप्पा, त्याला छज्जा नाही, स्पॉयलर म्हणतात." पल्लवी, आमची धाकटी, विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवते, त्यामुळे घरातही तिचा तास चालूच असतो. इतकी वर्षं मी छज्जा म्हणतोय, गाडीची काही तक्रार नव्हती.

भामा भाकऱ्या थापत होती. बायको म्हणून तिने निदान हळहळायला हवं होतं. तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "जुनी झाली गाडी. उन्हानं फुटला आसंल."

जानेवारीच्या थंडीत उन्हाने फुटला म्हणे!

मी एसटीत ड्रायव्हर होतो. सगळी नोकरी घाटात, पावसात, उसाच्या ट्रॉल्यांमधून गाडी काढण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले की दादासो पुकळ्यांच्या गाडीला कधी ओरखडा गेला नाही. आणि आता घरच्या गाडीचा छज्जा फुटतो आणि तो कुणी फोडला हेही मला माहीत नसावं? छडा लावल्याशिवाय राहणार नाही.

८ जानेवारी, बुधवार

तपासाला सुरुवात केली. तड्यात बोट फिरवलं तर पांढरी भुकटी निघाली. वास घेतला, सिमेंट. पलीकडच्या गल्लीत एक बांधकाम चालू आहे. सरळ गेलो आणि कंत्राटदाराला फैलावर घेतलं. तो शांतपणे ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "काका, आमचं अजून खणायचंच काम चाललंय. सिमेंट पुढच्या महिन्यात येणार हाय." चार मजूर फावडी टेकून ऐकत होते. परत येताना रस्ता जरा लांबच वाटला.

घरी सांगितलं तर पल्लवी हसू दाबत आत गेली. भामाने मात्र आल्याचा चहा दिला, न मागता.

आणखी एक. मागच्या काचेवर लाल चिकटपट्टीचा एक तुकडा चिकटलेला सापडला. आळीतल्या पोरांचे उद्योग. नखाने खरवडून काढला.

११ जानेवारी, शनिवार

छज्जा स्वतःच चिकटवायचं ठरवलं. दुकानातून झटपट चिकटणारा गम आणला. तडा अजिबात चिकटला नाही, माझी दोन बोटं मात्र छज्ज्याला चिकटली. तसाच गाडीच्या मागे उभा राहून हाका मारत होतो. येणारे-जाणारे नमस्कार करत होते आणि मला हात जोडता येत नव्हते.

भामाने कोमट पाणी आणि गोडंतेल आणून बोटं सोडवली. सोडवताना म्हणाली, "रिव्हर्स घेताना हाफ क्लचवर सावकाश घ्यावी, म्हंजे आसं व्हत न्हाई."

टीव्हीवर बायकांना काय काय शिकवतात! मी म्हटलं, "भामे, क्लच कुठं असतो माहीत आहे का तुला?" तिने तेलाची वाटी उचलली आणि गेली.

तिच्या पायात नवे कापडी बूट होते. गुडघे दुखतात म्हणून घेतले म्हणाली. हल्ली दुपारी मी वाचनालयात गेलो की ही आणि पल्लवी फिरायला जातात. चालणं चांगलंच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला आष्ट्याला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. वेग वाढला की छज्जा फडफडतो. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा वाटलं, आता उडतो आणि मागच्याच्या काचेवर बसतो. बायपासपर्यंत जीव मुठीत धरून चालवली.

परत येताना एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवतो. डाव्या गल्लीतून एक दूधवाला मोटरसायकलवर आला. भामा ओरडली, "आवं, दूधवाला!" मी ब्रेक मारला. कॅन हिंदकळला, दूध सांडलं नाही. दूधवाल्याने वाकडं तोंड केलं. मी त्याला दोन शब्द सुनावले आणि पुढे निघालो.

पण खरं सांगायचं तर तो मला दिसलाच नव्हता. भामा ओरडली नसती तर काय झालं असतं कोण जाणे. दिवस मावळतीचा होता, समोरून ऊन येत होतं. त्यात हल्ली या गाड्यांचे दिवेही असे पांढरेफटक की डोळ्यासमोर नुसता कापूस होतो. लोकांना दिवे लावायची अक्कल राहिलेली नाही.



१७ जानेवारी, शुक्रवार

आज मन ठिकाणावर नाही.

वाचनालयातून आलो तर तांबडी उलट्या तोंडाने उभी. मी नेहमी तोंड फाटकाकडे करून लावतो, निघताना सोपं जातं. आज तिचं तोंड भिंतीकडे. दार उघडलं तर सीट पुढे सरकलेली, गुडघे स्टिअरिंगला लागले. आरसा खाली झुकलेला. पेट्रोलचा काटाही मी सोडला होता त्याच्या खालीच. पल्लवीला गाडी हवी असली की ती किल्ली मागून घेते, या महिन्यात तिने मागितलेली नाही.

सकाळी मी गाडी घेऊन बाजारात गेलो होतो. म्हणजे मीच अशी लावली का? सीट मीच पुढे घेतली का? मला काही आठवत नाही.

भामाला विचारलं, "मी सकाळी गाडी कशी लावली होती?"

ती म्हणाली, "मला काय म्हाईत? तुमचं तुमी लावता." आणि लगेच, "चला, जेवाय वाढते." दुपारचे चार वाजले होते.

आता मनातलं लिहितो. ही वही कुणी वाचत नाही. छज्जा मीच फोडला असणार. कुठेतरी मागे घेताना काहीतरी लागलं असेल आणि मला कळलंही नसेल. कळलं नाही, हेच मनाला खातंय. ठोकली आणि कळली तर माणूस खाली उतरतो, कपाळाला हात लावतो, ड्रायव्हरच असतो. ठोकून न कळणाऱ्याला काय म्हणायचं? अशांना मी आयुष्यभर खिडकीतून शिव्या घातल्या.

२१ जानेवारी, मंगळवार

ठरवलं. तांबडी विकायची. आधी छज्जा नीट करायचा. फुटकी वस्तू गळ्यात मारणं आपल्याला जमणार नाही. मग चांगलं घर बघून द्यायची.

जेवताना सांगितलं. पल्लवीने आईकडे पाहिलं. भामाने हातातली पळीभर आमटी परत पातेल्यात ओतली.

"का वो? काय वाईट केलंय तिनं तुमचं?"

"तिने नाही केलं."

"मग गावाला कसं जायाचं? यस्टीनं? आटपाडीत उतरून रानापतूर चालत?"

"चालू की. तुझे नवे बूट आहेत."

ती हसली नाही. मला वाटतं गाडीवर तिचाही जीव आहे. बायकांना वस्तू सोडवत नाहीत. मग सावकाश म्हणाली, "एकदा डोळं दाखवून या. मग इका काय इकायचं त्ये."

डोळ्यांचा आणि विकण्याचा संबंध काय? मी म्हटलं, माझे डोळे ठणठणीत आहेत. नगरपालिकेने रस्त्यावर दिवे लावावेत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून तसाच प्रबुद्धकडे. मिरजेच्या रस्त्यावर त्याचं गाड्या रंगवायचं दुकान आहे. त्याचे वडील राजाराम माझ्या गाडीवर कंडक्टर होते, त्यामुळे त्याला लहानपणापासून ओळखतो. भामाही आली बरोबर. हल्ली मी गाडी काढली की ती कारण काढून येतेच.

प्रबुद्धने छज्ज्याच्या खाली हात घालून बघितलं. "काका, हा आता नवीन मिळायचा न्हाई. कंपनीनं बंद केलाय. भंगारात एक पडलाय, पण त्यो दुसऱ्या गाडीचा, हिला बसंल तसा बसंल." बसवून पाहिला. पांढरा, दोन बोटं रुंद, म्हाताऱ्याला दुसऱ्याची कवळी बसवल्यासारखा. नको म्हटलं, आपलाच दुरुस्त कर.

दोघांनी मिळून मागच्या दाराचं अस्तर उघडलं, दिव्याची वायर सोडवली, नट काढले. एक नट गंजून बसला होता, तो मी सोडवला. मग त्याने तडा जिथे संपतो तिथे बारीक ड्रिलने भोक पाडलं. मी ओरडलोच, "आधीच फुटलाय, त्यात आणखी भोक?"

"भोक पाडलं की तडा तिथंच अडतो काका. न्हाईतर वर रंग, खाली तडा पळत सुटतोय."

आतल्या बाजूने फायबरची जाळी आणि रेझिन लावून दिवसभर वाळवलं. पुट्टी मी भरली, पॉलिश पेपरही मीच मारला, पाण्यात बुडवून, हाताला लोण्यासारखं लागेपर्यंत. हे काम फार झकास झालं. प्रबुद्ध म्हणाला, "काका, या की दुकानात रोज." बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

रंग निवडताना मात्र आमचं जरा वाजलं. त्याने रंगांच्या पट्ट्या आणल्या. मी बोट ठेवलं, हा.

तो म्हणाला, "काका, ह्यो जरा विटकरीकडं जातोय. पेट्रोलचं झाकण काढून त्येच्यावरनं जुळवू काय?"

मी म्हटलं, "आटपाडीच्या माणसाला डाळिंब शिकवतोस होय रे?"

त्याने भामाकडे बघितलं. भामा खाली बघून पदराचं टोक गुंडाळत होती. म्हणाली, "त्येंच्या मनासारखं हूं द्या."

बायको असावी तर अशी. रंगाच्या बाबतीत तरी तिने मला साथ दिली.

२९ जानेवारी, बुधवार

भामा आणि पल्लवी सकाळीच "आधार कार्डाच्या कामाला" गेल्या त्या दुपारी आल्या. पल्लवीने किल्ली मागितली आणि गाडीही घेऊन गेल्या. छज्ज्याशिवाय तांबडी बोडकी दिसते, तरी नेलीच. येताना पेढे. कसले विचारलं तर पल्लवी म्हणाली, "आईचा फोटो चांगला आला म्हणून." आधार कार्डावरचा फोटो चांगला आला तर पेढे वाटायलाच हवेत, ते मान्य.

आष्ट्याच्या बहिणीच्या ओळखीतून एक गिऱ्हाईक मिळालं. मल्हार नाव, कोंबडीखाद्याचा धंदा, घरी म्हातारी आई आहे, तिला दवाखान्यात न्यायला गाडी हवी. रविवारी बघायला येतो म्हणाला. घर चांगलं वाटतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

प्रबुद्धने छज्जा रंगवून दिला. शेवटचा चकाकीच्या लॅकरचा हात मात्र मी घरीच मारणार म्हणून हट्टाने घेऊन आलो. शेवटचं काम आपल्या हातचं असावं. अंगणात उलट्या बादलीवर ठेवला, तोंडाला रुमाल बांधला आणि डब्यातून फवारा मारला. आरशासारखा झाला.

भामाने सकाळपासून तीनदा विचारलं, "वाळला का वो?" मी म्हटलं, अजून ओला आहे, हात लावू नकोस. इतकी काळजी मला अपेक्षित नव्हती. जरा भरूनच आलं.

आणि मग घोटाळा झाला. मी हात धुवायला आत गेलो. बाहेर आलो तर भामा देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन छज्ज्यासमोर उभी. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून तिने एक मूठ उधळली. मी "अगं ओला आहे!" म्हणेपर्यंत दुसरी मूठ. मग तिसरी.

"आगं बया, वला हाय व्हय?" म्हणाली आणि रिकामी वाटी पदराने पुसली.

सगळा छज्जा पिवळा. भंडारा लॅकरमध्ये बसला तो बसलाच. पुसायला गेलो तर चोळला गेला आणि आणखी पसरला. माझा आवाज चढला. भामा म्हणाली, "मेंढरू इकाय काडलं तरी आपल्यात भंडारा लावूनच काडत्यात न्हवं? ही तर घरची लक्षुमी." चूक तिची नाही, बिचारीला लॅकर काय ते कसं कळणार.

उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार आणि गाडीच्या मागे हा पिवळा पापड. तसाच बसवला. भामा आज मनापासून जेवली.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

मल्हार सकाळी एसटीने आला. तिशीचा, अंगाने भक्कम, बोलायला गोड. गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडून बघितलं, इंजिन ऐकलं. मग मागे आला. तो काही म्हणायच्या आधीच मी बोलायला लागलो होतो, "पाव्हणं, हे मागचं काय आहे ना, ते जरा..."

भामा दारात उभी राहून बघत होती.

मल्हार छज्ज्यासमोर थांबला. बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. पायातल्या चपला काढल्या. बोट कपाळाला लावलं आणि दोन्ही हात जोडले.

"बिरोबाचा भंडारा! मामा, देवच बसलाय की वो गाडीवर. माझी आई तर ह्ये बघून रडंल. आता काय बी झालं तरी गाडी मीच न्हेनार. आन ह्यो भंडारा कवाच काडायचा न्हाई."

मला हायसं वाटलं. भामाकडे बघितलं, तर तिचा चेहरा पडला होता. मला कळेना. गाडीला इतकं भक्तिभावाचं गिऱ्हाईक मिळालं आणि हिला काय झालं?

मल्हारने परत वाकून पाहिलं. "फकस्त एक इचारू मामा? भंडाऱ्याखाली ह्यो विटकरी रंग कसा काय? बाकी गाडी तर डाळिंबी हाय."

"डाळिंबीच आहे तोही," मी म्हटलं.

त्याने एकदा छज्ज्याकडे आणि एकदा गाडीच्या दाराकडे पाहिलं. मी पल्लवीकडे पाहिलं. ती पायाने माती उकरत होती. प्रबुद्ध, भामा, पल्लवी, सगळ्यांना दिसत होतं तर. फक्त मला दिसत नव्हतं.

मी पायरीवर बसलो. जे आत होतं ते बाहेर आलंच. "पाव्हणं, बरं झालं तुम्ही आलात. गाडी घेऊन जा. ज्याला रंग ओळखू येत नाही, गाडी कशी लावली ते आठवत नाही, कुठं ठोकली तेही आठवत नाही, त्याच्याकडं गाडी नसावी."

मल्हारने इसाराचे पैसे काढायला खिशात हात घातला. तेवढ्यात भामा पायऱ्या उतरून खाली आली.

"आठवंल कसं? तुमी ठोकलीच न्हाई."

"मग कुणी?"

"मी."

मला वाटलं ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. मी म्हटलं, "तू गाडीत बसून गाडी कशी ठोकशील?"

"बसून न्हाई, चालवून. कालेजच्या ग्राउंडवर. रिव्हर्स घेताना त्या स्टेजची पुढं आलेली स्लॅब लागली. पल्लवी 'आई, ब्रेक' म्हणून वरडली, पर तवर कडकन आवाज झाला."

पल्लवी म्हणाली, "अप्पा, डिसेंबरपासून शिकतेय आई. बुधवारी परीक्षा पास झाली. पहिल्याच झटक्यात."

सिमेंटची भुकटी! मी त्या कंत्राटदाराला काय काय बोललो होतो! आणि ती लाल चिकटपट्टी म्हणजे शिकाऊ ड्रायव्हरचा 'एल'!

मला राग यायला हवा होता. नाही आला. माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "म्हणजे मी नव्हतो?"

"न्हाई."

"ते उलटं तोंड? ती सीट?"

"समदं मीच. तुमी लौकर आला वाचनालयातनं, सरळ लावाय येळच न्हाई मिळाला."

मी हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेना. दोन आठवडे मी स्वतःला मोडीत काढून बसलो होतो. मी नव्हतो! मल्हार बिचारा हातात पैसे धरून उभा. त्याला वाटलं असेल, या घरात सगळेच असे आहेत.

मग जरा राग आला. "सांगायचं नाहीस? मी इथं झुरतोय आणि तू भाकऱ्या थापतेस?"

"रोज सांगीन म्हनत हुते. पर सांगितलं आस्तं तर तुमी किल्लीच लपवली आस्ती. परीक्षा हू द्या म्हटलं. मग तुमी इकायचंच काडलं." ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. "आन आयका. दिवाळीला गावाकडनं येताना आठवतंय? कवठ्याच्या अलीकडं मी 'थांबा, च्या पिऊया' म्हणले."

आठवत होतं. मी गाडी बाजूला घेतली होती.

"मला च्याची तलफ न्हवती. म्होरं मेंढरं हुती. आक्खा कळप रस्त्यावर, आन तुमी सरळ निगाला हुता. पुकळ्याच्या घरातल्या मानसाला मेंढरं दिसंनात! डोळं दाखवा म्हटलं तर तुमी नगरपालिकेला शिव्या देता. मग काय करू? म्हटलं आपुनच शिकावं."

कळप. आख्खा कळप मला दिसला नव्हता.

मल्हार खाकरला. "मग मावशी, इसार देऊ का नगं?"

"नगा देऊ. बसा, च्या घ्या. तुमच्या आईसाठी दुसरी गाडी ह्ये बघून देतील, गाडीतलं त्येंना कळतंय." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हात लावून."

भंडारा मुद्दाम उधळला का, हेही विचारलं. ती म्हणाली, "देवाचं नाव घिऊन मी खोटं बोलत न्हाई," आणि चहा टाकायला उठली. म्हणजे काय समजायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

चहा झाल्यावर तिने मल्हारला स्टँडवर सोडलं. मी शेजारी, मल्हार मागे. तिचा पहिला गियर मऊ पडतो, दुसऱ्याला जरा घाई करते. वळताना आरसा बघते. चौकात एका रिक्षावाल्याला तिने खिडकीतून जे ऐकवलं, ते मी स्वतःही एवढं नेमकं ऐकवलं नसतं. मल्हारने उतरल्यावर छज्ज्याला हात लावून कपाळाला लावला, मग भामाला नमस्कार केला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस गाडी कशी चालवत होता? भामा म्हणाली, "देवाच्या भरवशावर."

कंत्राटदाराकडे जाऊन माफी मागितली. सिमेंट आलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. जरा भीती वाटते, लिहून टाकतो. भामाला सांगितली नाही, पण तिने न विचारता संध्याकाळी गाडी काढली आणि आम्ही नुसतंच कृष्णेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. जाताना माझा उजवा पाय सारखा खाली ब्रेक शोधत होता. डावीकडच्या माणसाला ब्रेक नसतो, हे शिकायला या वयात जड जातं. ती म्हणाली, "पाय वर घ्या, मॅट फाटंल."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पट्टी निघाली.

आधी दवाखान्याची भिंत दिसली, इतकी पांढरी की डोळे मिटले. मग भामा. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. हे कधी झालं? हातावर भाजल्याचे बारीक डाग आहेत, तेही मला माहीत नव्हते. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "काय बघताय? मला न्हाई, तांबडीला बघा."

खाली येऊन बघितलं. देवा! विटकरीच काय, तो छज्जा सरळ कौलाच्या रंगाचा आहे आणि वर भंडाऱ्याचे चट्टे. अशी गाडी मी विकायला काढली होती, आणि एका माणसाने ती हात जोडून मागितली होती. मी तिथेच दवाखान्याच्या आवारात पोट धरून हसलो. प्रबुद्धला फोन केला. तो म्हणाला, "काका, आणा, फुकट रंगवून देतो, आता झाकणावरनं जुळवू." पण भामा नको म्हणते. भंडारा आहे तो. तसाच राहील.

११ मार्च, मंगळवार

आज महिन्याची तपासणी होती. भामा खाली औषधाच्या दुकानात थेंब घ्यायला थांबली होती, मी एकटाच आत गेलो. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली. शेवटची ओळ सोडून सगळी घडाघडा वाचली. ते खूश झाले. म्हणाले, उजवा डोळा उत्तम आहे, डाव्याचं सवडीने करू, दिवसा गाडी चालवायला आता काही हरकत नाही.

मी जिना उतरलो. भामा गाडीजवळ उभी होती. तांबडीला सावलीत लावायला तिने दोन गाड्यांच्या मधून मागे घेतली होती, आणि दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडली होती. किल्ली तिच्या बोटात होती. ती पुढे करत म्हणाली, "काय म्हनलं डाक्टर? चालवाय दिली का न्हाई?"

किल्लीकडे माझा हात जाणारच होता. मग मी तिच्याकडे बघितलं. ती हसत होती, पण किल्ली तिने घट्ट धरली होती.

मी म्हटलं, "नाही म्हणाले. अजून जपायला सांगितलंय."

"किती दिस?"

"ते काही बोलले नाहीत."

"बरं, मग बसा डावीकडं," म्हणाली आणि अशी झटक्यात दार उघडून बसली की मला हसू आवरेना. ते मी खोकल्यात घातलं.

उद्या गावाला निघायचं आहे, आटपाडीपर्यंत. तीच चालवणार आहे.